आरोपी पदवीधर

माझ्या सख्ख्या बहिणीला मी आरोपी केलं, आणि तेही इंग्रजीत.

आमचे बाबा महाडच्या कोर्टात वकील. नव्वदच्या सुमारास त्यांनी ओळखीतून एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि जामिनाचे अर्ज टाइप करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी दोन बोटांनी टाइप करणारा. माझी दया येऊन मुंबईच्या चुलतभावाने मला एक छोटा प्रोग्रॅम दिला. कॉम्प्युटर चालू केला की तो गुपचूप मेमरीत जाऊन बसायचा आणि आपण काहीही लिहीत असलो तरी मागून लक्ष ठेवायचा (आमच्या शेजारच्या काकूंसारखा). इंग्रजी 'ए' लिहून वरचं एक बटण दाबलं, की त्या जागी 'द अक्यूज्ड', म्हणजे 'आरोपी', असं अख्खं उमटायचं.

गणपतीला चुलतभाऊ आला तो त्याची सुधारित आवृत्ती फ्लॉपीवर घेऊन. बरंच बदललंय, आधी सूचना वाच, असं बजावून तो गेला. मी जुनं पुसलं, नवं बसवलं. सूचना वाचणं हे नवशिक्यांचं काम, अशी तेव्हा माझी समजूत होती.

त्याच आठवड्यात वर्षाताईला पोलादपूरचं स्थळ सांगून आलं. मुलगा इंजिनिअर, एमआयडीसीत नोकरी, बिरवाडीत भाड्याची खोली. ताईला फोटोतच तो आवडला होता. त्यांनी मुलीची माहिती मागवली. बाबा म्हणाले, इंग्रजीतच पाठवू, वजन पडतं. ताई सांगत गेली आणि मी मान खाली घालून टाइप करत गेलो. लाइट जायच्या आत छापायचं होतं, पोलादपूरची एसटी गाठायची होती. प्रिंटरमधून निघालेला कागद मी न वाचताच पाकिटात घातला.

रविवारी पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि कशेडीकडची एक आत्या. ताई पोहे देऊन आत गेली, पण पोह्यांना कुणी हात लावेना. शेवटी मुलाच्या वडिलांनी खाकरून विचारलं, "वकीलसाहेब, केस अजून चालू आहे का?"

बाबांना वाटलं, आपल्या वकिलीची चौकशी चालली आहे. ते एकदम खुलले. "देवाच्या कृपेने कधी बंदच नसते. पुराव्याअभावी सुटतात बरेच जण."

पाहुण्यांचे चेहरे उतरले. आत्याने आईला जवळ ओढून हळूच विचारलं, "पोरगी बरी दिसतेय गो. पन तिनं केलंय काय?"

"पोहे," आई कौतुकाने म्हणाली. "सगळे तिनेच केलेत."

आत्याने बशी हातभर लांब सरकवली.

मग मुलाने खिशातून तो कागद काढून बाबांपुढे धरला. बाबा कोर्टातल्या आवाजात वाचायला लागले. वर्षा ही आरोपी पदवीधर. आरोपी सुस्वभावी मुलगी. वडील आरोपी वकील. धाकटा भाऊ आरोपी कॉम्प्युटर-तज्ज्ञ. इथपर्यंत येता येता त्यांचा आवाज पार बसला आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

मला आरोपी इतका जवळून कधीच कळला नव्हता! मी कॉम्प्युटर चालू केला आणि मुलालाच खुर्चीत बसवलं. त्याने 'ए' लिहिलं, पुढे नुसती जागा सोडली, आणि बटण न दाबताच आरोपी हजर. बटण दाबायचे कष्ट वाचवले, हीच ती सुधारणा; कागदातल्या 'ए ग्रॅज्युएट', 'ए लॉयर'मधला प्रत्येक 'ए' असाच आरोपी झाला होता. मुलाने पुन्हा 'ए' लिहिलं, पुन्हा आरोपी. तिसऱ्या आरोपीला तो पोट धरून हसायला लागला.

बाबांनी घाईघाईने सांगितलं, मी आत्ता नवीन कागद लिहून देतो, हाताने.

तेवढ्यात ताई आतून बाहेर आली. रडून डोळे लाल झाले असतील असं मला वाटलं होतं, तर ती हसू दाबत होती. "बाकी सगळं दुरुस्त करा," ती म्हणाली, "भावाचं वाक्य मात्र तसंच राहू द्या. ते बरोबर आहे."

मुलाने त्या दिवशी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं, आणि जाताना पोलादपूरकरांनी होकारच देऊन टाकला.

लग्नाच्या पत्रिका अर्थातच छापखान्यात गेल्या. अक्षरांशी संबंध येणारं कुठलंही काम मला द्यायचं नाही, असं दोन्ही घरांनी एकमताने ठरवलं आणि मला फक्त मंडपातले पंखे लावायला सांगितले. ते मी लावले. त्यातला एकच उलटा फिरत होता.