तुळजाआत्तीचा होकार

माझी आत्ती तुळजाबाई हिनं दुसरं लग्न एका गुरख्याशी केलं, तेव्हा माझे वडील हैबतराव आमच्या भरे गावच्या चावडीत बसून चारचौघांना म्हणाले, की आजपासून मला बहीण नाही. तिचा पहिला नवरा लग्नानंतर वर्षभरातच गेला होता. सासूनं पांढऱ्या पायाची म्हणून तिला माहेरी आणून सोडलं होतं. पाट लावायला आमच्यात कुणाची ना नव्हती, वडिलांनी लवळ्याचा एक बिजवरही बघून ठेवला होता. पण आत्ती कासार आंबोलीला एका पुणेकर वकिलाच्या पेरूच्या बागेत कामाला जायची आणि त्या बागेचा राखणदार होता टेकबहादूर. पलटणीतून सुटून आलेला, बुटका, अंगानं भक्कम, फारसं न बोलणारा. तो बोललाच तर त्याचं मराठी ऐकून बाया तोंडाला पदर लावायच्या. त्याच्या बोलण्यात तेव्हा गाय 'आला' आणि मुकादम 'गेली', असा सगळा प्रकार. आत्ती त्याला हसली नाही, एवढंच काय ते झालं असावं. बागेतल्या खोलीत त्यांनी संसार मांडला. माझ्या आईचं तिच्याकडं चोरून येणं-जाणं होतं, आणि मीही आईबरोबर जायची. म्हणून हे सगळं मला आत्तीच्याच तोंडून ऐकायला मिळालं.

सत्तावन्न सालच्या दिवाळीनंतर त्याच्या मुलखातला एक शिपाई निरोप घेऊन आला. टेकबहादूरची आई अंथरुणाला लागली होती. तो पलटणीत गेल्यापासून घरी फिरकला नव्हता. त्यानं वकिलांकडं रजा मागितली आणि आत्तीही त्याच्याबरोबर निघाली. तिला मागं राहायला कुणाचं दार उघडं नव्हतं. शिवाय या वेळची सासू तरी कशी आहे ते बघावं, असंही तिच्या मनात होतं.

आधी मोठी आगगाडी, मग गोरखपूरकडं छोटी, आणि हद्दीपलीकडं नेपाळात मालाचा ट्रक. ट्रक जिथं थांबला तिथं रस्ताच संपला होता. घर कुठं, असं आत्तीनं विचारलं तर त्यानं समोरच्या डोंगराकडं हात केला. मुळशीच्या माणसाला डोंगराचं काय नवल, असं तिला वाटलं. पण तो डोंगर चढून गेल्यावर पलीकडं तेवढंच उतरायचं होतं, नदी ओलांडायची होती आणि पुन्हा तसाच दुसरा चढायचा होता. असे चार-पाच दिवस गेले. उत्तरेला आभाळात एक पांढरा ढग दिसायचा. तो सकाळीही तिथंच आणि दुपारीही तिथंच. तो बर्फाचा डोंगर आहे हे कळल्यावर तिला भीती वाटली. आपण कुठवर आलोय ते तेव्हा तिच्या ध्यानात आलं.

वाटेनं तो तिला नेपाळी शिकवत होता. पानी, भात, घर, हात. ती म्हणाली, "ही तर आपलीच बोली हाय की, लई सोपी." तो पुढं चालत राहिला. शेवटच्या मुक्कामाला त्यानं खाली बघत सांगितलं, की ही बाजारातली भाषा. आम्ही गुरुंग जातीचे, आमच्या घरात वेगळं बोलतात आणि आमाला तेवढंच येतं. आमा म्हणजे त्याची आई. मग तेच शिकवा, असं आत्ती म्हणाली. त्यानं दोन-चार शब्द सांगितले. तिची जीभ काही त्यांच्याभोवती वळेना. ती बोली तिला शब्द ओठांवर येण्याआधीच गिळून टाकल्यासारखी वाटली.

गावात पोचल्यावर बाया तिच्याभोवती जमल्या. एकीनं तिच्या बांगड्या मोजल्या, दुसरीनं नाकातली नथ बोटानं हलवून बघितली. तिसरीनं मागून लुगड्याचा कासोटा ओढला आणि काहीतरी बोलली, तशा सगळ्या हसल्या. आत्ती त्यांच्यामध्ये अंग चोरून उभी राहिली. हसण्यात वाईट काही नव्हतं असं ती मला म्हणायची. पण कशाला हसतात ते कळत नसलं की माणूस कपडे नसल्यासारखा होतो.

घरात एका कोपऱ्यात नाचणीची रास बघून तिला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी तिनं चुलीपुढं बसून हातावर भाकऱ्या थापल्या. तिची जाऊ मनमाया शेजारी येऊन बघत राहिली. तिथं नाचणीचं पीठ उकळत्या पाण्यात घोटून त्याचा गोळा करत, आणि उरलेल्या नाचणीची दारू गाळत. मनमायानं भाकरीचा एक तुकडा चावून बघितला आणि बाकीच्या बकऱ्यांपुढं टाकल्या. मग तिनं वाडगाभर दारू आत्तीच्या हातात दिली. समोर सासू, चुलत सासरे, आणि नवरा हसत सांगतोय की पी. आत्तीनं डोळे मिटून घोट घेतला आणि तिला रडूच आलं. रेड्याचं मटण शिजायचं तेव्हा ती गोठ्यात जाऊन बसायची. संध्याकाळी एका घरात तरणी पोरं-पोरी एकत्र बसून गाणी म्हणत आणि म्हातारी माणसं त्यांना कौतुकानं ऐकत. आत्ती तिथून खाली मान घालून जायची.

सगळ्यात अनोळखी तिला नवराच वाटला. बागेत दिवसदिवस मुका बसणारा हा माणूस इथं ओसरीवर बसून तासन्‌तास बोलायचा, लोकांना हसवायचा. त्याचा आवाजसुद्धा मोठा झाला होता. आपल्याकडं हा इतकी वर्षं कसा राहिला असेल, हे तिला तिथं पहिल्यांदा समजलं.

सासू मात्र चांगली निघाली. खारकेसारखी सुकलेली म्हातारी, चुलीजवळच्या घोंगडीवर पडलेली. आत्ती तिचे पाय चेपायची, तिला पेज पाजायची. म्हातारी दिवसभर तिच्याशी आपल्या बोलीत बोलायची आणि आत्ती मराठीत उत्तरं द्यायची. नाचणी अशी घोटू नये, आमच्याकडं आंबेमोहोर भात पिकतो, माझा भाऊ माझ्याशी बोलत नाही, असं काहीबाही. म्हातारी मान डोलवायची. आत्तीला वाटायचं, पहिल्या सासरी सगळं कळत होतं, त्यापेक्षा हे बरं.

माघात म्हातारीचं दुखणं वाढलं. टेकबहादूर पलीकडच्या बाजारातून औषध आणायला पहाटेच निघाला. मनमाया आणि बाकीची माणसं लाकूडफाट्याला रानात गेली होती. आत्ती एकटी सासूपाशी बसली होती. दुपारी म्हातारी अचानक सावध झाली. डोळे अगदी स्वच्छ. तिनं आत्तीचं मनगट धरलं आणि हळूहळू, एकेक शब्द ठेवल्यासारखं बोलायला लागली. हे रोजच्यासारखं बोलणं नव्हतं. तिनं एक वाक्य म्हटलं, थांबली, आत्तीच्या तोंडाकडं बघितलं आणि तेच पुन्हा म्हटलं.

आत्ती मनगट सोडवून अंगणात धावली. "अवो, कुनी हाय का? हितं या कुनीतरी," अशी ती ओरडली. खाली पायऱ्यापायऱ्यांची शेतं पार नदीपर्यंत उतरलेली, त्यांत माणूस नव्हतं. तिचा आवाज समोरच्या डोंगरावरून परत आला. शेजारच्या घरापुढं एक बहिरा म्हातारा उन्हात बसला होता. तिनं त्याला हातानं खुणावलं, तर त्यानं हसून हात वर केला. ती परत आत आली. म्हातारी अजून बोलतच होती. पुन्हा तिनं मनगट धरलं, पुन्हा तेच वाक्य, आणि शेवटी विचारल्यासारखी भुवई उचलली.

आत्ती म्हणाली, "व्हय आमा. व्हय."

म्हातारीनं मनगट सोडलं आणि डोळे मिटले. माणसं रानातून येण्याआधीच ती गेली.

टेकबहादूर दुसऱ्या दिवशी औषध घेऊन आला. तो रडला, मग तोंड धुऊन आत्तीपुढं बसला आणि विचारलं, "आमा काय बोलली?" आत्तीनं झालेलं सांगितलं. तो म्हणाला, ती बोलली तसं बोलून दाखव. तिनं आठवेल तसे आवाज काढले. तो कान तिच्या तोंडाशी नेऊन ऐकत होता. मनमाया आली, चुलते आले, दारात शेजारी जमले. पुन्हा म्हण, असं प्रत्येक जण खुणेनं सांगायचा. मनमायाचा नवरा बर्माच्या लढाईतून परत आला नव्हता. तिला वाटलं सासू त्याच्याबद्दल काही बोलली. चुलत्यांना शेताचं काहीतरी ऐकू आलं. पोरं हसायला लागली. जितक्या वेळा म्हणावं तितके ते आवाज तिच्याच तोंडात मोडत गेले आणि शेवटी त्यांत म्हातारीचं काही उरलं नाही.

"मी व्हय म्हनले तिला," आत्तीनं सांगितलं.

"कशाला हो म्हणाली?"

"मला काय ठावं? ती इचारत व्हती. काय म्हनू मंग?"

तो उठून ओसरीवर जाऊन बसला. चार दिवसांनी त्यानं सांगितलं, की आमानं त्याला घरी राहायलाच सांगितलं असणार. मोठा मुलगा गेला, धाकट्यानं शेत सोडू नये, दुसरं ती काय बोलेल? आणि तुळजानं त्याच्या वतीनं होकार दिला होता. तसं नव्हतं हे आत्ती कुठल्या तोंडानं सांगणार? ते राहिले.

चैत्र गेला, पावसाळा आला. जळवा पायाला लागायच्या. आत्तीला ताप भरला तो उतरेना. तिला पन्नास-शंभर शब्द यायला लागले होते, पण तापात तिला मराठीच सुचायचं आणि ते ऐकायला कुणी नव्हतं. नवऱ्याशी बोलावं तर तोही आता मराठी विसरल्यासारखा अडखळायचा. शेवटी मनमायाच त्याच्याशी भांडली. ज्या बाईनं भाकऱ्या बकऱ्यांना घातल्या होत्या तिनं त्याला बजावलं, की मेलेल्या बाईनं काय मागितलं ते कुणाला माहीत नाही, ही मरतेय ते मात्र सगळ्यांना दिसतंय. हिला घेऊन जा. शेत मी बघते.

पाणी ओसरल्यावर त्यानं तिला टोपलीत बसवून पाठीवर घेतलं आणि डोंगर उतरला.

वकिलांनी दुसरा राखणदार ठेवला होता, पण त्याला काढून यांना परत घेतलं. आत्ती पौडाच्या दवाखान्यातून औषध घेऊन हळूहळू बरी झाली. माझे वडील तेव्हाही तिला बघायला गेले नाहीत. टेकबहादूर पुन्हा पहिल्यासारखा मुका झाला. माघात कधीतरी, हातातलं काम थांबवून तो म्हणायचा, "तुळजा, एकदा म्हणून बघ." रागानं नाही. ती म्हणून बघायची. तो ऐकायचा आणि परत कामाला लागायचा.

त्रेसष्ट साली सुटीवर निघालेला एक गुरुंग शिपाई बागेत भेटायला आला. टेकबहादूर पाणी सोडायला गेला असताना आत्तीनं त्याला बाजूला घेतलं, मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं आणि उरलेसुरले आवाज त्याला ऐकवले. तो मुलगा सभ्य होता. लगेच म्हणाला, "तिनं तुम्हाला आशीर्वाद दिला. सुखी राहा, असं म्हणाली." तो फार लवकर बोलला, हे आत्तीच्या लक्षात आलं. तरी तिनं ते संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं.

त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "आमा असं बोलत नव्हती." आणि फावडं घेऊन पाटाकडं गेला.

त्यानंतर त्यानं तिला आमाच्या बोलण्याचं कधी विचारलं नाही. माघ यायचा आणि जायचा. आत्ती मला म्हणायची, "आता इचारावं त्यांनी एकदा, असं लई वाटतं गं. पर मी कशी सांगू त्यास्नी, की इचारा म्हनून?"