दाब, धर, सोड

गाडीचे ब्रेकचे पाइप गंजले होते, ते मी स्वतः बदलले. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत, खाली पार्किंगमध्ये, जुनी सतरंजी अंथरून. गॅरेजवाल्याच्या हाती मी गाडी कधी दिली नाही. मी ह्याला हौस म्हणायचो, बायको खाज म्हणायची. तिला जाऊन आता वर्ष होत आलं.

मुलगा बंगळुरूला असतो. गेले काही महिने त्याने फोनवर एकच टुमणं लावलं होतं: घर बंद करा, गाडी काढून टाका, इकडे या. शेवटी वैतागून मीच म्हणालो, "ब्रेकचं काम काढलंय. एकट्याला जमलं तर हा विषय बंद. नाही जमलं तर येतो." तो म्हणाला, "बघा हं बाबा, शब्द दिलाय." गाडीतून मला कुठे फारसं जायचं नव्हतंच. मला घर सोडायचं नव्हतं.

पाइप चढवून पेडल दाबलं तर पाय थेट तळाला गेला. हे होणारच होतं. पाइप बदलले की आत हवा राहते आणि ती काढावी लागते. हे काम खरं दोघांचं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागचा बारीक स्क्रू सैल करायचा. तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येतात. मग स्क्रू आवळायचा आणि त्यानंतरच पाय सोडायचा. आमच्याकडे वर्षानुवर्षं बायको सीटवर आणि मी गाडीखाली. मी "दाब" म्हणायचो, मग "धर". ती "धरलंय!" म्हणून असं ओरडायची की तिसऱ्या मजल्यावर कळावं. मी "सोड" म्हणेपर्यंत पाय हलायचा नाही. एकदा मी पाना शोधत बसलो, तर ती पेडल दाबून धरूनच खिडकीतून भाजीवाल्याशी घासाघीस करत होती.

ह्या वेळी मी स्क्रूला पारदर्शक नळी लावली, तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलं, म्हणजे हवा परत आत जायची नाही. पेडल मारायचं, उतरायचं, चाकाशी वाकून बघायचं, पुन्हा सीटवर. गुडघे बोलायला लागले. मधेच सवयीने तोंडातून "धर" निघालं. रिकाम्या गाडीला. मी आजूबाजूला पाहिलं, कोणी ऐकलं नव्हतं. हायसं वाटायला हवं होतं, पण कोणीच ऐकलं नाही ह्याचंच फार वाईट वाटलं.

चारही चाकं झाली आणि पेडल होतं तसंच मऊ. जोड तपासले, गळती कुठेच नाही. पुन्हा पहिल्या चाकापासून सुरुवात केली. दुपार टळली तरी तेच.

तळमजल्यावरच्या वहिनी बाहेर आल्या. मालवणकडच्या, बायकोची जिवाभावाची मैत्रीण. "काय ओ भावजी, सकाळपासून बघतेय. जेवलात तरी काय?"

"पेडल घट्ट होत नाहीये वहिनी."

"डबी भरलात?"

"कुठली डबी?"

"ती बॉनेटमधली ओ, तेलाची. आमची मैत्रीण नाय काय मधी मधी उतरून भरायची? मी विचारलेलं तिला एकदा. तर बोलली, ह्यांना खालून काय दिसतंय, डबी रिकामी झाली तर सगळी मेहनत फुकट जाईल."

मी बॉनेट उघडलं. सकाळी काठोकाठ भरलेली डबी कोरडी पडली होती. मी खालून हवा काढत होतो आणि वरून नवी आत जात होती. इतकी वर्षं काम संपल्यावर झाकण उघडलं की डबी भरलेलीच असायची, आणि ह्या कामाला तेल फारसं लागतच नाही असं मी चारचौघांत सांगत आलो होतो. तिने एकदाही माझं म्हणणं खोडून काढलं नाही. मी तिथेच बंपरला टेकून बसलो. इतकी आठवण तिच्या फोटोसमोरही आली नव्हती.

वहिनींनी पदराला हात पुसले आणि न सांगताच सीटवर जाऊन बसल्या. "सांगा, काय करू?"

मी डबी भरली आणि गाडीखाली शिरलो. "दाब" म्हणवेना, "दाबा" म्हणालो. वहिनी नुसतं "हां" म्हणायच्या. प्रत्येक वेळी मी क्षणभर थांबायचो, मग स्क्रू सैल करायचो. दर चाकानंतर उठून डबी भरत होतो. ऊन उतरायच्या आत पेडल दगडासारखं घट्ट झालं. सोसायटीच्या आवारात फेरी मारली, मग नाहूरपर्यंत जाऊन आलो. गाडी जिथल्या तिथे थांबत होती.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "झालं का?"

"झालं. मस्त ब्रेक लागतोय."

"एकट्याने?"

हो म्हणायला काय लागत होतं! तो काही बघायला येणार नव्हता, वहिनी काही सांगणार नव्हत्या.

"नाही," मी म्हणालो. "एकट्याने मला कधीच जमलं नव्हतं. आज कळलं."

तो हळूच म्हणाला, "मग येताय ना बाबा?"

"येतो," मी म्हणालो.

फोन ठेवला आणि खाली जाऊन डबीचं झाकण नीट बसलंय ना ते पुन्हा पाहून आलो.