हवालदारांचं फिनेल

लालासाहेब हवालदार सैन्यातून निवृत्त होऊन पलूसजवळच्या आपल्या गावी परतले, तेव्हा घरात त्यांना करण्यासारखं काही शिल्लक नव्हतं. ऊस धाकटा भाऊ बघत होता आणि चांगला बघत होता. म्हशी, घर, पै-पाहुणा, लग्नकार्य हे सगळं त्यांच्या बायकोनं, म्हणजे साऱ्या आळीच्या विजयमालावहिनींनी, इतकी वर्षं एकहाती चालवलं होतं. त्यात कुठं काही अडलेलं दिसेना. पहिला महिनाभर लालासाहेब सोप्यात खुर्ची टाकून बसले. येणारा-जाणारा विचारायचा, "सुट्टी किती दिस हाय?" दुसऱ्या महिन्यात त्यांनी घराची स्वच्छता ताब्यात घेतली.

स्वच्छतेबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. ती डोळ्यांनी बघायची गोष्ट नव्हे, नाकानं तपासायची. ज्या संडासातून काळ्या फिनेलचा वास येत नाही तो संडास घाण, मग तो संगमरवरी का असेना. पलटणीत सगळ्या साहेबांचं हेच मत होतं आणि तिथं कुणी आजारी पडलं तर ते दुसऱ्या कशानं तरी पडत असे. फिनेल आणायला ते सातारला जात. माजी सैनिकांचं कॅन्टीन सांगलीतही सापडलं असतं, पण सातारला त्यांची लेक उत्कर्षा एका कारखान्यात नोकरीला होती. एसटीतून कॅन्टीनची पिशवी घेऊन उतरणाऱ्या फौजीकडं गाव फार आशेनं बघतं. लालासाहेबांच्या पिशवीतून फिनेलचे कॅन निघायला लागल्यावर दोघा-तिघांनी त्यांच्याशी बोलणं कमी केलं.

सकाळी संडासात फिनेल, दुपारी गोठ्यात फिनेल, संध्याकाळी पुन्हा संडासात. रविवारी अॅसिड. वहिनी एकदोनदा म्हणाल्या, "आवं, म्हशी शिंकाय लागल्यात." लालासाहेब म्हणाले, "सवय हुईल."

मागच्या दारी, गोठ्याच्या अंगाला, वहिनींचा गोबरगॅस होता. वहिनींचा म्हणायचं कारण असं, की तो बांधला तेव्हा लालासाहेब राजस्थानात कुठंतरी वाळूत होते. चुलीच्या धुरानं वहिनींची छाती भरून यायची. त्यांनी विट्याकडच्या रहिमान मिस्त्रींना बोलावून टाकी बांधून घेतली आणि मिस्त्रींच्या सल्ल्यानं संडासही तिला जोडला. सासूनं त्याच दिवशी जाहीर केलं, "संडासाच्या ग्यासावरची भाकरी माज्या घशाखाली उतरायची न्हाई." आळीतल्या बायका हळदीकुंकवाला यायच्या, पण चहा म्हटलं की त्यांना उपास असायचा. असे उपास वर्षभर चालले. वहिनी रोज सकाळी पाटीभर शेण आणि तितकंच पाणी कुंडीत हातानं कालवून टाकीत सोडत राहिल्या, स्वतःची भाकरी निळ्या जाळावर भाजत राहिल्या आणि सासूसाठी वेगळी चूल पेटवत राहिल्या. मग पावसाळ्यात सगळं सरपण भिजलं. एका सकाळी सासू गुपचूप गॅसवर चहा करून प्याली, तिला काही झालं नाही, आणि आळीचेही उपास सुटले.

लालासाहेबांना हे सगळं फोनवर एका वाक्यात कळलं होतं. "ग्यास बांदला," वहिनी म्हणाल्या. "बरं," लालासाहेब म्हणाले, आणि म्हैस व्याली का ते विचारलं.

आता गोबरगॅस म्हणजे काही नुसती टाकी नव्हे. आत शेण आंबतं ते जंतूंच्या जोरावर, आणि ते आंबतं म्हणून जाळ येतो. फिनेलचं कामच जंतू मारायचं. कॅनवर तसं ठळक अक्षरात छापलेलं होतं आणि ते वाचून लालासाहेबांना दर वेळी बरं वाटायचं. या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायचं मात्र घरात कुणाला सुचलं नाही.

दिवाळीनंतर जाळ बारीक झाला. थंडीत होतो तसा, असं सगळे म्हणाले. मग भाताचं आधण येईना. मग एका सकाळी शेगडीनं काडी विझवली ती विझवलीच. रहिमान मिस्त्री आले. पाइपात पाणी साठलं असेल म्हणून त्यांनी पाइप सोडून झटकला, कॉक उघडून ग्रीस लावलं, टाकीभोवती दोन चकरा मारल्या आणि चहा पिऊन म्हणाले, "वैनी, माझ्या बांधकामात खोट न्हाई. खोट कुठंतरी आत हाय." एवढं सांगून ते विट्याला गेले.

आतली खोट लालासाहेबांनीच शोधून काढली, आणि तीही आनंदाच्या भरात. टाकीतून वापरलेलं शेण जिथं बाहेर पडतं त्या खड्ड्याशी ते झाडू मारत होते. तिथून ते घाईघाईनं स्वयंपाकघरात आले. "आगं, आपल्या शेणालासुदिक आता घाण वास न्हाई! पार टाकीतनं फिनेलचा वास येतोय. पलटणीतल्या लंगरच्या मोरीवानी!"

वहिनींनी हातातला पिठाचा गोळा परातीत ठेवला. त्या खड्ड्याशी जाऊन उकिडव्या बसल्या, बोटानं थोडं शेण उचलून हुंगलं, परत आल्या आणि हात धुतला.

"मारलासा तुमी."

"कुणाला?"

"माज्या ग्यासाला."

लालासाहेब उभेच राहिले. वहिनींनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, कारण चढलेल्या आवाजापुढं उभं राहायची त्यांना सवय होती. त्या म्हणाल्या, "रान भावजींचं. घर तुमच्या आईचं, मागनं तुमचं. सगळ्या गावाच्या नाकावर टिच्चून माजं म्हनावं आसं येक केलं हुतं मी." मग त्यांनी कोपऱ्यातला सिलिंडर ओढून दुसऱ्या शेगडीला जोडला आणि उरलेल्या भाकरी केल्या. लालासाहेबांना फार वाईट वाटलं. जेवताना त्यांनी भाकरीची चव चांगली आहे असं म्हणून बघितलं, पण वहिनींनी त्यांच्या ताटात फक्त आणखी एक भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवसापासून वहिनींनी सकाळी कुंडीकडं जाणं सोडलं. शेण सरळ उकिरड्यावर जाऊ लागलं. लालासाहेबांच्या ध्यानात आलं, की आपण आल्यापासून या घरात पहिल्यांदाच काहीतरी अडलंय, आणि ते आपल्यामुळं.

त्यांनी रहिमान मिस्त्रींना फोन लावला. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "किती वतलं?" लालासाहेबांनी सांगितलं. मिस्त्रींनी आकडा पुन्हा एकदा विचारून घेतला. "निम्मी टाकी उपसा. कुणाच्या तरी चालू टाकीतली शेणाची स्लरी आणून घाला, इरजण घालतो तशी. जाळ धरंपर्यंत नवं शेण नको. फिनेल बंद, अॅसिड बंद. आन् हवालदारसाहेब, मग गप बसा." शेवटची सोडून बाकी सगळ्या गोष्टी लालासाहेबांनी लगेच केल्या. शेजारच्या गावातून स्लरीचे कॅन सायकलला अडकवून आणताना लोकांनी त्यात काय आहे विचारलं, तर त्यांनी खरं सांगितलं. कुणाचा विश्वास बसला नाही.

प्रश्न संडासाचा होता. तो रोज धुवायला तर पाहिजे. लालासाहेब सातारला गेले. उत्कर्षा त्यांना एका मोठ्या दुकानात घेऊन गेली. तिथं हिरव्या बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या, प्रत्येकीवर एक पान काढलेलं. निसर्गाला, नदीला, माशांना यातल्या कशाचाच त्रास नाही असं त्यांवर लिहिलं होतं. लालासाहेबांनी भाव वाचला, बाटली जागेवर ठेवली आणि ती सरळ ठेवलीय ना, हेही बघितलं. तरी सगळ्यात लहान एक घेतली. उत्कर्षानं मग फोनवर दाखवलं, की गूळ, लिंबा-मोसंबीच्या साली आणि पाणी बंद कॅनमध्ये आंबवलं की फरशी-संडास धुवायचं पाणी घरीच होतं. "पण पप्पा, त्याला तीन महिने लागतात."

"मला कुठं जायचंय?" लालासाहेब म्हणाले.

पलूसच्या स्टँडजवळच्या रसवाल्याकडून ते पोतं भरून साली आणू लागले. हवालदारांनी शेळ्या घेतल्या, असं गावात झालं. गुळाची चिंता नव्हती, भावाच्या घरात ढेपा होत्या. कॅनमध्ये आंबवण घातलं की रोज सकाळी झाकण जरासं सैल करून आतली हवा सोडावी लागते. लालासाहेब सगळ्या कॅनपुढून क्रमानं जात आणि एकेकाची हवा सोडत. हे काम त्यांना आवडलं.

आंबवण तयार होईतो रिठे, सोडा, लिंबू यांवर भागवायचं होतं. पण यातलं काहीही टाकीत गेलं तर चालेल का, हे कुणी सांगावं? आता अंदाजावर त्यांचा भरवसा उरला नव्हता. त्यांनी पाण्याच्या रिकाम्या बाटल्या घेतल्या. प्रत्येकीत चालू टाकीतलं शेण भरलं. एकीत रिठ्याचं पाणी थेंबभर, एकीत खायचा सोडा, एकीत लिंबू, एकीत त्या पानवाल्या हिरव्या बाटलीतलं, एकीत फिनेल, आणि एक तशीच. मग वाण्याकडून फुगे आणून प्रत्येक बाटलीच्या तोंडाला एकेक फुगा बांधला आणि सगळ्या ओळीनं सोप्यात उन्हाला मांडल्या. शेण जिवंत असलं तर गॅस होणार, गॅस झाला तर फुगा भरणार.

"कुणाचा वाडदिवस?" घरी आलेल्या पाहुण्यानं विचारलं.

"न्हाई. शेण हाय," लालासाहेब म्हणाले.

ऊन चांगलं होतं. सावकाश एकेक फुगा मान वर काढू लागला. आधी नुसत्या शेणाचा, मग रिठ्याचा, मग सोड्या-लिंबाचा. हिरव्या बाटलीचाही भरला. ती परीक्षेत पास झाली, पण परवडत नव्हती. फिनेलवाला लाल फुगा बाटलीच्या गळ्याशी लोंबत राहिला. लालासाहेबांनी तो काढून टाकला नाही. रोज सकाळी ते त्याच्यासमोर थोडा वेळ उभे राहायचे. त्यांना लाज वाटत होती, आणि ती त्यांनी कुणापासून लपवली नाही.

एका सकाळी त्यांनी रिठ्याचं पाणी वाटीत घेतलं आणि वहिनींपुढं धरलं. "हे चालंल का?" संसाराला इतकी वर्षं झाली, पण हा प्रश्न त्या घरात त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकू आला. वहिनींनी वास घेतला, दोन बोटांत चोळून बघितलं. "फरशीला चालंल. संडासाला सोडा घ्या. लिंबाच्या सालीनं घासा, डाग सुटंल." मग वाटी परत देत म्हणाल्या, "आन् हात चालवा. नुसतं वतून काय हुतंय?"

लालासाहेबांनी हात चालवला. संडास इतका पांढरा पडला की उत्कर्षा सुट्टीला आली तेव्हा तिला वाटलं भांडं नवं बसवलंय. तरी लालासाहेबांना चैन पडेना. ते दारात उभे राहून हुंगत. वास कसलाच नव्हता. घाणीचा नव्हता आणि फिनेलचाही नव्हता. असं कसं असेल, म्हणून ते पुन्हा एकदा घासत.

टाकी मात्र गप्पच होती. वहिनी गोठा झाडून गेल्या की लालासाहेब स्वयंपाकघरात येऊन जुन्या शेगडीचा कॉक उघडत आणि काडी लावत. काडी विझे. ते कॉक बंद करून बाहेर जात. वहिनींना विझलेल्या काड्या ओट्यावर दिसत. त्या उचलून टाकत आणि विचारत नसत. कधी फडफडून पिवळा जाळ यायचा आणि जायचा. लालासाहेबांनी मिस्त्रींना पुन्हा फोन केला. मिस्त्री म्हणाले, "मी शेवटचं काय सांगितलं हुतं?" लालासाहेबांना आठवलं, आणि ते गप बसले.

होळी झाली, उन्हं तापली. त्या दिवशीही त्यांनी सवयीनं काडी लावली आणि विझलेली टाकून द्यायला हात मागं घेतला. जाळ तिथंच राहिला. निळा, बुटका, भोकाभोकातून गोल. लालासाहेबांनी कॉक बंद करून पुन्हा पेटवला. पुन्हा पेटला. ते दाराशी जाऊन म्हणाले, "जरा आत ये."

वहिनी आल्या. शेगडीसमोर उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते भरू दिले. मग चहाचं भांडं चढवलं. पाणी उकळायला पूर्वीपेक्षा वेळ लागला, तेवढा वेळ दोघंही तिथंच उभे होते. एक कप लालासाहेबांच्या हातात देत वहिनी म्हणाल्या,

"उद्यापास्नं कुंडीतलं शेण तुमी कालवायचं."

लालासाहेब ताठ झाले. "किती वाजता?"

"म्हशीला इचारा."

दुसऱ्या दिवशी वहिनी गोठ्यात आल्या तेव्हा अजून नीट दिसत नव्हतं. लालासाहेब विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडून, हात पाठीमागं बांधून म्हशीच्या मागं उभे होते. कधीपासून उभे होते कोण जाणे. म्हैस रवंथ करत बसली होती, तिला कसलीच घाई नव्हती. वहिनींनी शेणाची रिकामी पाटी त्यांच्या हातात दिली आणि त्या शेजारी वाट बघत थांबल्या.