चढते का ते सांग

"पळते किती ते नोको सांगू. चढते का ते सांग." कोणी नवी गाडी दाखवायला आणली, की आमच्या शेजारचे भाऊ तिच्या मागच्या चाकाला पाय टेकवून एवढंच विचारत.

त्यांची स्वतःची पिकअप माझ्याहून वयाने मोठी. तिचा मूळ रंग कोणता, यावर आलापल्लीत एकमत नव्हतं. मोहफुलांची पोती, मार्कंड्याच्या जत्रेची माणसं, सगळं तिच्यातून गेलं. आमच्या घरातून पहिल्यांदा कॉलेजला निघालेला मीही पत्र्याची पेटी घेऊन तिच्यातच मागे बसलो होतो. "शिकून ये. मंग समोर बसवतो," भाऊ म्हणाले होते. मास्तर होऊन परतलो तेव्हा त्यांनी खरोखरच समोरच्या सीटवरचं पोतं उचललं.

एका उन्हाळ्याच्या शेवटी गाडीच्या मागच्या धुऱ्यातून रडल्यासारखा आवाज येऊ लागला. आतला क्राऊन-पिनियन, म्हणजे चाकं फिरवणारी दातेरी जोडी, झिजून गेली होती. तिकडे भामरागडच्या बाजूला दिलेली त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. पाऊस लागला की रस्ता बंद. तिच्या गावाच्या अलीकडे नाल्याचा उभा चढ, आणि त्यावर गाडी घालायला दुसरा कोणी तयार नव्हता.

मिस्त्रीने चंद्रपूरच्या भंगारातून एक जोडी आणली. "सेम कंपनीची हाय भाऊ. गाडी उलट जास्त पळंन."

भाऊंनी दोन्हीचे दाते मोजून भागाकार केला. "पावणेचार. माही किती हाय ते पायले पायजे."

हा आकडा जितका मोठा, तितकी गाडी हळू पण ओढायला दमदार. धुऱ्यावरची आकड्याची पट्टी मात्र केव्हाच गंजून गेली होती. मग भाऊंनी पुढच्या चाकांना दगड लावले, गाडी न्यूट्रल केली, मागचं एक चाक जॅकवर उचललं. चाकावर आणि मधल्या लांब शाफ्टवर खडूची खूण केली आणि स्वतः खाली शिरले. मी चाक एक फेरा फिरवलं.

"दोन... अन् थोडंसं." खालून आवाज आला. "दोन कसे होतीन? असं होतच नाई."

बाई, म्हणजे त्यांची बायको, ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. "एक चाक तं तुमच्यावानी बसूनच हाय. हिशोब पुरा कसा येईन?"

खरंच, एकच चाक फिरलं की शाफ्ट निम्माच फिरतो. भाऊ मातीतच हसले. दुसरंही चाक उचललं. एक मी धरलं. दुसरं पदर खोचून बाईंनी.

"दोघं संगं फिरवा. मास्तर, बाईच्या पुढं जाऊ नोका."

"माह्या पुढं कोण जाते?" बाई म्हणाल्या.

"एक... दोन... तीन... चार... अन् अर्ध्याच्या वर!" एवढा आनंदी आवाज मी गाडीखालून कधी ऐकला नव्हता.

मिस्त्रीची जोडी परत गेली. साडेचारच्या वरची मिळून ती बसेपर्यंत आभाळ भरून आलं होतं. लेकीला आणायला मीही गेलो. नाल्याच्या चढावर गाडी इतकी सावकाश निघाली, की बाजूने शेळ्या पुढे गेल्या. "बाबा, हळू," लेक पोट धरून म्हणाली.

"हळूच चालते ते, माये. पण थांबत नाई."

आम्ही वर आलो आणि मागे पाऊस सुरू झाला.

भाऊ जाऊन आता वर्ष होत आलं. परवा एक तरुण पिकअप विकत घ्यायला आला. गिअरचा आकडा किती, म्हणून त्याने विचारलं. "फिरवून पाय ना," बाई म्हणाल्या. त्याने मागची दोन्ही चाकं जॅकवर घेतली, खडूने खुणा केल्या. बाईंनी पदर खोचला. "मास्तर, तुमी तिकडलं धरा."

आम्ही संगं फिरवलं. एक फेरा पुरा झाला. मी थांबलो, बाईही थांबल्या. तरुण आमच्या बाजूलाच उभा होता. गाडीखाली कोणी नव्हतं.

"कितीक पळते बाई?" तरुणाने विचारलं.

बाईंनी चाकावरचा हात काढला नाही. "चढते," त्या म्हणाल्या.