दीड हात लांबून

गाडीवर पाणी मारण्याआधी काका बोटं वाकवून तिच्या प्रत्येक दारावर टकटक करायचे आणि कान देऊन ऐकायचे. मग मालकाकडे बघून विचारायचे, "साहेब, कहीं रंग झालाय का?" नंतर रंगवलेला पत्रा बद्द वाजतो आणि तो रंग धारेने सुटतो, म्हणून ही चौकशी.

तुम्ही कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहिला असाल, तर असे कुणीतरी तुमच्याही ओळखीचे असतील. भोपाळमधले आमचे काका मूळचे वर्ध्याचे. कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये तीस वर्षं काढून निवृत्त झालेले, राहायला आनंद नगरला. रविवारी सकाळी लुनाच्या मागे प्रेशर वॉशर बांधून, गेटवर पास दाखवून आत यायचे. मी तळमजल्यावर, म्हणून नळ माझ्या क्वार्टरचा. आसपासच्या सगळ्या गाड्या माझ्याच दारात धुतल्या जायच्या आणि मी चहाचा कप घेऊन उगाच देखरेख करायचो.

"पाण्याला दात असतात, साहेब," ते म्हणायचे. विजेची वायर आधी खिडकीच्या गजाला उंच अडकवायची. गनचं तोंड पहिल्यांदा जमिनीकडे. मग पंख्यासारखी रुंद धार, दीड हात लांबून, वरून खाली. टायरला जवळून नाही, बॉनेट उघडून तर मुळीच नाही. एकदा हौसेने मी गन घेतली आणि चिखल निघेना म्हणून धार पायाजवळ आणली. काकांनी कॉलर धरून मला मागे ओढलं.

"पीछे, साहेब! चप्पल घालून उभे आहात, पाऊल फाडेल ही!"

मग स्वतःच ओशाळले. "माफ करा, कॉलरला हात लागला." दिवसभर त्यांना ते खात होतं. जाताना पुन्हा एकदा माफी मागून गेले.

आता माझं ऐका. आमच्या विभागप्रमुखांनी नवी गाडी घेतली होती. सासूबाईंना स्टेशनवर सोडायला मी ती एक दिवस मागून घेतली आणि परत येताना एका खांबाला घासली. डावं मागचं दार गेलं. रायसेन रोडच्या एका गॅरेजवाल्याने अर्ध्या दिवसात रंग मारून दिला. संध्याकाळी काही न सांगता गाडी परत केली, वर पेढ्यांचा डबा दिला. साहेब खूश. बढतीची यादी त्यांच्या टेबलावर होती, हेही सांगून टाकतो.

पुढच्या रविवारी तीच गाडी माझ्या दारात धुवायला आली. काकांनी तीन दारं वाजवली आणि चौथ्यापाशी थांबले. पुन्हा वाजवलं.

"साहब, यहाँ रंग हुआ है."

विभागप्रमुख हसले. "नई गाड़ी है, भाई. रंग कहाँ से होगा?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा त्यांना काय सांगत होता, देव जाणे. "साहेब?" एवढंच म्हणाले.

"नवीन गाडी आहे, काका," मी म्हणालो. "मारा पाणी."

ते नेहमीपेक्षा एक पाऊल मागेच उभे राहिले. तरी दाराच्या कडेला रंगाला फोड आला आणि बघता बघता हातभर पट्टा सोलून खाली लोंबला.

"तीस साल पेंट शॉप में झाड़ू लगाते थे क्या?" विभागप्रमुख ओरडले. बाल्कन्यांतून माणसं बघायला लागली. काकांनी मशीन बंद केलं. "गलती हो गई, साहब," ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पुन्हा बघितलं नाही. एका शब्दाने ते मला उघडं पाडू शकले असते.

विभागप्रमुखांनी तक्रार केली आणि दुसऱ्या दिवशी काकांचा पास काढून घेतला गेला. त्या तक्रारीवर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. बढती मिळाली. घरी श्रीखंड केलं होतं, मी दोनदा वाढून घेतलं.

चार महिन्यांनी मी आनंद नगरला गेलो, सगळं कबूल करायचं ठरवून. काकांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, मुलं काय शिकतात ते विचारलं. माझी जीभ काही उचलेना. शेवटी तेच उठले.

"गाडी आणलीच आहे, तर धुऊन देतो."

माझ्या गाडीची चारही दारं त्यांनी वाजवली. "साहेब, कहीं रंग झालाय का?"

"नाही, काका." हे खरं होतं.

"तुम्ही म्हणता, तर नसेलच," ते म्हणाले आणि गन घेऊन चांगले तीन हात लांब जाऊन उभे राहिले. तेवढ्या लांबून चिखल निघत नव्हता. तरी ते पुढे आले नाहीत, आणि या म्हणायला माझं तोंड नव्हतं. अर्धवट धुतलेली गाडी घेऊन मी घरी आलो.

मागच्या वर्षी काका गेल्याचं कळलं. मीही आता निवृत्त आहे. रविवारी कुणाच्या तरी दारात मशीन सुरू झालं, की मी खिडकी लावून घेतो.

हो काका, रंग झाला होता. मीच करून घेतला होता.