पत्रिकेऐवजी रक्त

‘आजी, आजार तुमच्या रक्तात निघालाय. आजोबांचं रक्त चांगलं आहे,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी टेबलाची कड धरली. आजोबा बाहेर बाकावर माझी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

तपासणीचा हट्ट माझाच. हे आजोबा गोडदेव भागात आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतात. त्यांची बायको वारली, माझा नवराही. आम्ही लग्न करायचं ठरवलं तेव्हा त्यांची बहीण पत्रिका मागायला आली. मी म्हटलं, ‘पत्रिका नको. आधी दोघांचं रक्त तपासू, गुप्तरोगाचं.’ ती चहा न घेताच उठली. ते म्हणाले, ‘माझ्यावर संशय?’

‘पुरुष आहात ना,’ मी म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सिफिलिस सांगितलं. आमच्यात त्याला गरमी म्हणायचे. म्हणाल्या, ‘जुना दिसतोय. कधी मूल पोटात दगावलं होतं?’

‘दोन.’

‘ह्यानेच गेली असतील.’

नवरा मिठाच्या ट्रकवर होता, पंधरा पंधरा दिवस बाहेर. मी दुसरा पुरुष पाहिला नाही. सासू मात्र मलाच पोरंखाऊ म्हणायची, चारचौघांत. इतकी वर्षं मलाही तसंच वाटत होतं.

‘मी मरणार का?’

‘नाही. आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं घ्या. ती होईपर्यंत आजोबांपासून लांब राहा.’

‘ह्या वयात कुणाला घाई आहे?’ मी म्हटलं. डॉक्टरीणबाई हसल्या. मीही हसले.

बाहेर येऊन आजोबांना सरळ सगळं सांगितलं. ‘लग्न मोडायचं तर आत्ताच मोडा.’

ते म्हणाले, ‘म्हणजे संशय मी घ्यायला हवा होता.’

‘घ्या आता.’

‘इंजेक्शन कुठे देतात?’

‘कमरेखाली.’

‘मग रिक्षात उशी लागेल,’ म्हणाले आणि पिशवी घेऊन उठले.

दर आठवड्याला ते खरंच उशी घेऊन आले. कुल्ला दुखायचा, पण झोप गाढ लागायची. पोरं मी खाल्ली नव्हती.

इंजेक्शनं संपली, मग लग्न केलं. बहिणीने त्या दिवशी चहा घेतला.

सासू गेली, नवरा गेला, दोन्ही पोरं जन्माआधीच गेली. मी आहे.