त्रेसष्ट पायऱ्या, कठडा डावीकडे

अल्बम आवरायला घेतले की माझा सबंध दिवस जातो. फोटो सगळे एकाच गुहेच्या तोंडाशी काढलेले, माणसं तेवढी वेगळी! एक फोटो हातात घेतला की एक किस्सा आठवतो, तो दुसऱ्याला ओढून आणतो, ओल्या धुण्याच्या पिळ्यासारखा. मग चहा गार होतो आणि अल्बम तसेच राहतात.

ऐंशीनंतरची ती वर्षं. इंडियानातल्या आमच्या गावात मराठी घरं चार. इंडियातून कोणाकडेही पाहुणा आला तरी तो चौघांचा, आणि त्याला दाखवायची ठिकाणंही ठरलेली. वर उत्तरेला लेकच्या काठचे वाळूचे डोंगर, तिकडेच मोटारी न वापरणाऱ्या आमिश लोकांची घोडागाड्यांची गावं, आणि खाली दक्षिणेला गुहा. शनिवारी पहाटे पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, थर्मासात चहा, की निघाली वरात.

पाहुणा नसला तर मात्र आम्ही कुठ्ठे जात नसू. कोणाला दाखवायचं नसेल तर बघायचं कशाला? त्यामुळे एअरपोर्टवर पाहुण्याला सोडून आलं की माझ्यापुरता इंडियाना बंद. मग मी आणि माझी किचनची खिडकी!

* * *

गुहेत माहिती सांगायला मार्था नावाच्या बाई होत्या. खाकी शर्ट, हातात मोठा टॉर्च. मला बघितलं की यांना विचारायच्या, "न्यू वन्स?" हे म्हणायचे, "येस, टू." की निघाल्या बाई पुढे.

मी मॅट्रिक, तीही दुसऱ्या खेपेला. प्लंबरला फोन करायचा म्हटलं तरी माझी बोबडी वळायची. पण आठ वेळा ऐकून ऐकून गुहेचं सगळं भाषण मला पाठ! एकदा मार्थाबाईंचा घसा बसला होता. दुसऱ्या दालनात त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि मी सुरू झाले. पाणी कसं ठिबकतं, एक इंच खडक वाढायला किती वर्षं लागतात, सगळं, त्यांच्याच हेलात! लोकांनी टाळ्या वाजवल्या.

वर आल्यावर एका गोऱ्या बाईंनी मला काहीतरी साधंसं विचारलं. बहुधा कुठून आलात म्हणून. मी यांच्याकडे बघितलं.

हे म्हणाले, "हिचं इंग्रजी गुहेतच चालतं!"

* * *

आता साठेभावोजी. समोरच्या अपार्टमेंटमध्ये राहायचे, एकटे, पन्नाशीला आलेले. यांच्याच कंपनीत ड्राफ्ट्समन. सकाळी सहा चाळीसला त्यांची गाडी निघायची. मला घड्याळ लागायचं नाही.

पाहुणा कोणाचाही असो, हे गृहस्थ गुहेला यायचेच. पाहुण्याला दाखवायला आपण जातो ते ठीक. पण ज्याच्याकडे कधी कोणी येत नाही, त्याने सातव्यांदा तीच गुहा काय म्हणून बघावी? मला झोप लागेना!

एकदा परतताना गॅस भरायला पंपावर थांबलो, आणि त्यांची डायरी डॅशबोर्डवर राहिली. उघडी डायरी दिसली तर माणूस वाचणारच. बरं, उघडी नव्हती. मी उघडली.

आत गुहेचा नकाशा! पेन्सिलने, अगदी मापात. खाली बारीक अक्षर: 'पायऱ्या ६३. उंची सात इंच. कठडा उतरताना फक्त डावीकडे. दुसऱ्या दालनात बाक आहे. तिथे छत ठिबकतं, छत्री नेणे. तिथेच मिनिटभर दिवे घालवतात, आधी सांगणे.'

भावोजी परत आले. मी म्हटलं, "अहो, दरोडा घालणार आहात की काय गुहेत?"

ते लाजले. "आई यायचीय ना, वहिनी. गुडघे दुखतात तिचे. घरच्या पायऱ्या सहा इंचाच्या आहेत."

"कधी येणार?"

"पुढच्या मेमध्ये."

हे मी ऐकलं ते एक साल. त्याच्या पुढच्या सालीही पुढचा मेच होता.

* * *

माझ्या सासूबाई आल्या त्या उन्हाळ्यात वाळूच्या डोंगरांवर गेलो. सासूबाई नऊवारीत. लेकच्या काठी गेल्या, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकल्या.

"गोडं पाणी? मग समुद्र-समुद्र काय लावलंत? तळं म्हणा की!"

साठेभावोजी सारखे त्यांच्या मागेपुढे. "आई, वाळू भाजते का? आई, चढ झेपतोय का? आई, वाऱ्याने लुगडं आवरतंय ना?" जरा थांबले की खिशातून डायरी. सासूबाईंच्या हे लक्षात यायला अर्धा डोंगर लागला. मग त्या मध्येच बसकण मारून म्हणाल्या,

"मेल्या, मी काय तुझ्या आईची रंगीत तालीम आहे का रे?"

आम्ही हसून हसून वाळूत! भावोजीही हसले, पण कान लाल झाले होते.

उतरताना सासूबाईंनी त्यांचा हात धरला. खाली आल्यावर म्हणाल्या, "लिही. चपला काढून चढायचं. आणि वर गेल्यावर तिला काही विचारू नकोस. नुसतं बसू दे."

त्यांनी ते खरंच लिहून घेतलं.

* * *

कोल्हापूरचे माझे मामा आले तेव्हा आमिश गावाला नेलं. तीन तास ड्राइव्ह केल्यावर शेतं लागली, मका, गाई, आणि रस्त्याने टपटप करत काळी घोडागाडी. आम्ही सगळे "ती बघा, ती बघा!" करून ओरडतोय. मामा खिडकीची काच वर घेत म्हणाले,

"एवढं तेल जाळून टांगा दाखवायला आणलंत होय रे?"

संध्याकाळी भावोजींनी डायरीतल्या त्या पानावर काट मारली. खाली लिहिलं, 'आईला नको. गावी आहेच.'

* * *

गुहेत दुसऱ्या दालनात मार्थाबाई सगळे दिवे घालवायच्या. खरा अंधार म्हणजे काय ते कळावं म्हणून. स्वतःचा हात डोळ्यासमोर धरला तरी दिसत नाही.

एकदा चारही घरं मिळून गेलो होतो. दिवे गेले आणि आमच्यातली कोणीतरी घाबरून ओरडली, "अहो!"

एकदम तीन नवरे: "काय गं?"

दिवे आले तेव्हा सगळे पोट धरून हसत होते. कोण ओरडली ते आजतागायत कोणी कबूल केलं नाही. (मीच ती.) आमचा मुलगा कपाळाला हात लावून म्हणाला, "मॉम, धिस इज सो एम्बॅरसिंग!"

वर येताना साठेभावोजी माझ्या मागे होते. म्हणाले, "आमचं बरं आहे, वहिनी. आम्हाला 'अहो' म्हणणारं कोणी नाही. आई इथे असती तर 'बाळू' म्हणून हाक मारली असती. दिली असती एक ओ ठोकून!"

मी हसले. मग उरलेल्या पायऱ्या मोजत चढले.

* * *

आईचं येणं का लांबायचं त्याची यादी मला तोंडपाठ आहे. पहिल्या साली आंबा खूप लागला होता. दुसऱ्या साली नातीचं लग्न. मग डोळ्याचं ऑपरेशन. मग गाय व्याली! निळ्या पत्रात दर वेळी शेवटची ओळ तीच: 'पुढच्या मेमध्ये नक्की.'

आणि एका हिवाळ्यात ते खरंच नक्की झालं. तिकीट निघालं!

भावोजींनी शनिवारी सकाळी गावी फोन लावला. चिपळूणजवळचं गाव, फोन फक्त डॉक्टरांच्या घरी. आईला तिथे बोलावून ठेवलेलं. मी नेमकी त्याच वेळेला वाटीभर शिकरण द्यायला गेले. नेमकी म्हणजे, यांच्याकडून वेळ काढून घेतली होती.

आईंचा आवाज एवढा मोठा, की मला दारातून ऐकू आला. "बाळू, जेवलास का?"

तर हा माणूस काय म्हणतो? "आई, त्रेसष्ट पायऱ्या आहेत, पण कठडा आहे. उतरताना डावीकडे."

"कुठे?"

"गुहेत."

"बरं. जेवलास का?"

"मध्ये बसायला बाक आहे. छत ठिबकतं, पण मी छत्री घेईन."

"बाळू, अरे जेवलास का?"

एवढ्यात लाईन कटली. भावोजी रिसीव्हर हातात धरून उभे. माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, जेवलो म्हणून सांगायचं राहिलं."

* * *

मार्चमध्ये उशिराचा बर्फ पडला. सहा चाळीस झाले, सात झाले, समोरची गाडी जागची हलेना. काचेवर बर्फ तसाच. आठ वाजता मी पिठलं-भात घेऊन गेले. इतक्या सकाळी पिठलं कोण नेतं? पण हाताला तेच सुचलं.

दार उघडंच होतं. भावोजी ऑफिसच्या कपड्यांत खुर्चीत बसले होते, बूट घातलेले. पुतण्याची तार टेबलावर होती. मी त्या दिवशी पहिल्यांदाच काही उचलून वाचलं नाही. गरजच नव्हती.

"पोचायला दोन दिवस लागतात," ते म्हणाले. "तोवर थांबवत नाहीत ना, वहिनी."

मी समोर बसून राहिले. सासूबाईंनी सांगितलं होतं तसं, काही न विचारता. दुपारी त्यांनी दोन घास खाल्ले.

मग एप्रिल गेला. आम्हाला वाटलं, हा माणूस आता कशाला येतोय गुहेला.

* * *

मेमधल्या एका शनिवारी भावोजींनीच फोन केला. "वहिनी, उद्या गुहेला जाऊ या?"

"कोण आलंय?"

"कोणी नाही."

पाहुण्याशिवाय आम्ही कधीच गेलो नव्हतो. मुलगा म्हणाला, "व्हाय? देअर इज नोबडी टु शो इट टु!"  सकाळी यांनी गाडी काढली. पुऱ्या किती करायच्या ते मला कळेना, नेहमीएवढ्याच केल्या.

आभाळ लख्ख होतं आणि भावोजींच्या काखेत छत्री.

तिकिटाच्या खिडकीत मार्थाबाईच होत्या. सवयीने म्हणाल्या, "न्यू वन्स?" यांनी माझ्याकडे बघितलं. 

साठेभावोजी म्हणाले, "येस. वन."

मग पाकीट काढून म्हणाले, "वन अॅडल्ट." आणखी एक नोट काढली. "अँड वन सीनियर."

मार्थाबाईंनी आमच्या मागे बघितलं. पार्किंगमध्ये आमची एकच गाडी होती. मग त्यांनी दोन तिकिटं फाडली आणि खिडकीतून सरकवली.



भावोजी उजव्या अंगाने उतरत होते, भिंतीला घासून. कठड्याची बाजू मोकळी सोडली होती. एक पायरी, थांबायचं. एक पायरी, थांबायचं. त्रेसष्ट पायऱ्यांना नेहमीच्या तिप्पट वेळ लागला. मार्थाबाई खाली टॉर्च धरून उभ्या होत्या, पण चला म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दालनात भावोजींनी छत्री उघडली. बाकाच्या एका टोकाला बसले आणि छत्री दुसऱ्या टोकावर धरली. त्यांचा खांदा भिजत होता. मार्थाबाईंनी नेहमीचं भाषण केलं नाही. बटणाकडे हात नेला आणि भावोजींकडे बघत राहिल्या.

भावोजी शेजारी वळून हळूच म्हणाले, "आता दिवे जातील हं."

दिवे गेले.

छत्रीवर थेंब पडत होते. माझा हात यांच्या बाहीला लागला, तो मी तिथेच राहू दिला. या खेपेला कोणीच कोणाला हाक मारली नाही.

आणि बाकाकडून साठेभावोजींचा आवाज आला,

"ओ!"